‘ओरिजिनल’ म्हणजे काय रे भाऊ?

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त खोटं कुठल्या एका शब्दाच्या आडून बोललं जात असेल, तर तो शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’. ‘शंभर टक्के ओरिजिनल, सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी.’ या देशातल्या डॉक्टरांनी नक्की किती गाड्या वापरल्या, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे. दुसरीकडे आपला कायदा. त्यालाही हाच शब्द लाडका. कंपनीनं दिली तशीच गाडी पाहिजे, नाहीतर गुन्हा. एजंट आणि सरकार यांचं एखाद्या शब्दावर एकमत झालं की आपण आपला खिसा चाचपून बघावा.

मागच्या आठवड्यात एका जुन्या इटालियन मोटारसायकलचा फोटो टाकला होता. सांगाडा एका कंपनीचा, इंजिन दुसऱ्या, काही पार्ट कुठले तेच कळत नाही. खाली कॉमेंटी आल्या : ‘ही तर खिचडी’, ‘भंगारात घाला’, ‘चोरीची असणार’. एकानं लिहिलं, ‘असल्या गाड्यांवर बंदीच पाहिजे.’ म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

ती खिचडी म्हणजे बिमोता. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर रिमिनी नावाचं गाव आहे. १९६६ साली तिथं बियांकी, मोरी आणि ताम्बुरीनी या तिघांनी धंदा काढला. तिघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडली, झालं बि-मो-ता. धंदा मोटारसायकलचा नव्हताच. घरं गरम ठेवायची यंत्रणा, हवेचे डक्ट बसवायचं काम. म्हणजे आपल्या भाषेत पत्रा आणि पाईपवाले! त्यातल्या मासिमो ताम्बुरीनीला गाड्यांचं वेड. १९७२ साली मिसानोच्या ट्रॅकवर होंडा ७५० घेऊन तो पडला, बरगड्या मोडल्या. घरी बसावं लागलं, तेव्हा त्या पाईपवाल्याच्या डोक्यात आलं की इंजिन झकास आहे, सांगाडा कच्चा आहे. त्यानं होंडाच्या इंजिनाभोवती स्वतःचा सांगाडा बांधला. एचबी१. अशा फक्त दहा झाल्या. १९७३ पासून बिमोता मोटारसायकलवाली झाली.

त्याचं निदान अचूक होतं. त्या काळच्या जपानी गाड्यांची हीच रड होती. चार सिलिंडरचं इंजिन घोड्यासारखं पळायचं, पण वळणावर सांगाडा आणि मागचा स्विंगआर्म पिळवटायचा. रिमिनीवाल्यांनी क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्या घेतल्या, त्रिकोण बांधले, वजन उतरवलं. १९७७ ची एसबी२ घ्या. इंजिन सुझुकीच्या जीएस ७५० चं. सांगाडा मधून दोन भागांत सुटणारा, शंकूच्या आकाराच्या जोडांनी आवळलेला, म्हणजे इंजिन झटक्यात खाली उतरतं. मागच्या स्विंगआर्मचा खिळा पुढच्या चेन-स्प्रॉकेटच्या बरोबर आसावर, म्हणजे चाक वर-खाली झालं तरी चेनचा ताण बदलत नाही. हे १९७७ सालचं आहे, राव. आपल्याकडे तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होते.

नावंही साधी ठेवली. पहिलं अक्षर इंजिनवाल्याचं, दुसरं बिमोताचं. होंडाचं इंजिन म्हणजे एचबी, सुझुकीचं एसबी, कावासाकीचं केबी, यामाहाचं वायबी, डुकाटीचं डीबी. लपवाछपवी नाही. इंजिन आमचं नाही हे गाडीच्या नावातच लिहिलेलं. १९८० साली जॉन एकेरोल्ड नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या पठ्ठ्यानं कुठल्याही फॅक्टरी टीमशिवाय ३५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याचं इंजिन यामाहाचं आणि सांगाडा बिमोताचा. पुढं ताम्बुरीनीनं तिथून बाहेर पडून डुकाटीची ९१६ केली. ती १९९४ ची गाडी अजूनही लोक भिंतीवर लावतात.

आता मला सांगा, एसबी२ मध्ये ‘ओरिजिनल’ काय आहे? इंजिन हामामात्सूच्या कंपनीचं, नळ्यांचा सांगाडा रिमिनीचा, ब्रेक बेर्गामोच्या ब्रेम्बोचे, चाकं विचेंझाच्या कॅम्पॅग्नोलोची, म्हणजे सायकलवाल्यांचा देव. त्यात सुरुवातीच्या बऱ्याच बिमोता किट म्हणून गेल्या. सांगाडा आणि बाकीचा संच पेटीत घ्या, इंजिन तुमचं तुम्ही आणा. कुणी पडलेल्या गाडीचं इंजिन बसवलं, कुणी रेसचं. गाडी जन्मालाच खिचडी, आणि तीच तिची किंमत.

अशी गाडी पंचेचाळीस वर्षांनी कुणाच्या हाती येते तेव्हा तिची काय अवस्था असते, ते गॅरेजवाल्या मित्रांना सांगायला नको. मधल्या पाच-सहा मालकांनी आपापली अक्कल लावलेली असते. एकाचा फोर्क वाकला, त्यानं मिळेल तो घातला. दुसऱ्याला पाय ठेवायला त्रास, त्यानं फूटरेस्टचा ब्रॅकेट लेथवर काढून घेतला. तिसऱ्याचा कॅलिपर अडकला, त्यानं कुठल्या तरी जपानी गाडीचा लावला. आणि कागदावर यातलं काहीही नाही. त्याला तिकडचे लोक ‘गूढ पार्ट’ म्हणतात. आपल्याकडे म्हणतात ‘मॅनेज केलंय’.

हे गूढ उकलायचं काम म्हणजे पोलिस तपासच. पार्टच्या आतल्या बाजूला ओतकामाचा छाप शोधायचा. बेअरिंगचा नंबर वाचायचा. ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. शेवटच्या ०४ ला पाचनं गुणलं की भोक आलं. हा आकडा रिमिनीत जो तोच आमच्या उद्यमनगरात. मग आटे मोजायचे. खरी गोम इथं आहे. ब्रेम्बोच्या पंपाला ब्रेकच्या पाईपचा १० मिमी बोल्ट १.० पिचचा लागतो, जपानी गाड्यांना बहुतेक १.२५. दिसायला दोन्ही सारखे. घाईत जपानी बोल्ट इटालियन पंपात कोंबला तर दोन फेरे जातो, तिसऱ्याला आटे खातो. आणि ते आटे कधी सुटणार? ब्रेक जोरात दाबाल तेव्हा.

म्हणून सांगतो, गूढ पार्ट हा शोकेसचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे. आणि त्याच कारणानं ‘सगळं ओरिजिनलच पाहिजे’ हा हट्ट मूर्खपणाचा आहे. त्या काळातल्या अनेक भारी इटालियन गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत. हलकी, सुंदर. पण जुनं मॅग्नेशियमचं ओतकाम आतून पोखरतं, गंजतं, तडे धरतं. तडे तपासल्याशिवाय त्यावर कुणी बसू नये. मग शहाणा माणूस काय करतो? ओरिजिनल चाकं कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो आणि रस्त्यावर नवी अ‍ॅल्युमिनियमची लावतो. ‘ओरिजिनल’वाल्यांच्या लेखी ही गाडी बाटली. माझ्या लेखी हा माणूस संध्याकाळी घरी जेवायला येणार आहे.

बिमोतावाले संत होते असं नाही. १९९७ साली त्यांना झटका आला, स्वतःचं इंजिन करायचा. व्ही-ड्यू. ५०० सीसी, टू-स्ट्रोक, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं. कागदावर स्वर्ग, रस्त्यावर रड. इंधनाचा मेळच बसेना. गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि कंपनी बसली. (ती पुन्हा उभी राहिली, २०१९ मध्ये कावासाकीनं ४९.९ टक्के हिस्सा घेतला, तो भाग वेगळा.) गंमत बघा. ती गाडी धड चालायला लागली कधी? नंतर त्यात साधे कार्ब्युरेटर बसवले तेव्हा. म्हणजे ओरिजिनल होती ती खराब, आणि बदल केला ती बरी!

आता आपल्या अंगणात येऊ.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीच्या नोंदणीतला तपशील आणि उत्पादक कंपनीनं दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आलं. मालकानं नियमात न बसणारा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हं! आता ताम्बुरीनीच्या पहिल्या गाडीचा हिशेब करा. सांगाडा, टाकी, स्विंगआर्म, सीट... बरगड्या मोडलेल्या माणसाला आपण दवाखान्यातून थेट कोठडीत नेलं असतं.

हे वाचून काही जण म्हणतील, मग काय सगळ्यांना मोकाट सोडायचं? २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. बातम्या मीच लिहितो, मला आकडे नका शिकवू. नाक्यावरच्या वेल्डरनं जाळीच्या नळीतून ओढलेला सांगाडा रस्त्यावर येऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण त्याला उत्तर तपासणी आहे. सरसकट बंदी हे आळशी माणसाचं उत्तर झालं. तपासायला डोकं लागतं, उपकरण लागतं, सही करायची हिंमत लागते. बंदीला फक्त रबरी शिक्का पुरतो.

बरं, बंदीनं थांबलं काय? रात्री अकराला पोरं फटाके फोडणारे सायलेन्सर लावून गावातून फिरतात, ती थांबली? दिवसाढवळ्या उसाच्या ट्रॉल्या ब्रेकलाईटशिवाय हायवेवर धावतात, त्या थांबल्या? सायलेन्सरवाल्या पोरांनो, तुम्हीही ऐका. तुमच्यामुळं खऱ्या कारागिराचं तोंड बंद होतं. साहेबानं ‘मॉडिफिकेशन’ म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर तुम्ही येता. दोन हजारांचा पोकळ पाईप लावला म्हणजे मेकॅनिक होत नाही, फक्त म्हाताऱ्या माणसांची झोप उडते.

आता कायदा काय म्हणतो ते नीट बघा, कारण वाट त्याच कायद्यात आहे. सीएनजीचं किट बसवता येतं, ते मान्यताप्राप्त असेल तर. इलेक्ट्रिकचं किट बसवता येतं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतो, त्याला आरटीओ मंजुरी देतो. परवानगी घेऊन इंजिन बदलता येतं. म्हणजे बदल, मग तपासणी, मग नोंद ही साखळी या देशाला माहीत आहे. ती फक्त हौशी आणि कुशल माणसासाठी उघडायची नाही असं ठरलंय.

तिकडे काय करतात? ब्रिटनमध्ये एकट्या-दुकट्या बांधलेल्या मोटारसायकलसाठी वेगळी चाचणी आहे. गाडी घेऊन या, तपासू, पास झाली तर नंबर घ्या. जर्मनीत तांत्रिक तपासनीस बदल बघतो, पटलं तर तो बदल गाडीच्या कागदात चढतो. इटलीत वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऐतिहासिक गाड्यांची नोंदवही आहे. तिथल्या मोटारसायकल महासंघासारख्या संस्था फोटो, नंबर, तपशील बघून दाखला देतात. कटकट तिकडेही आहे, फॉर्म तिकडेही आहेत. पण दार आहे. आपल्याकडे भिंत आहे आणि भिंतीला भोक. भोकापाशी एजंट बसलेला.

आपण २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. चांगली गोष्ट. वय किती पाहिजे? पन्नास वर्षं. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि मोठी फेरदुरुस्ती, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल, झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. आणि रस्त्यावर कधी आणायची? प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरती. मुंबईतल्या राजेसाहेबांच्या रोल्स रॉइसला हे ठीक आहे. आमच्याकडच्या माणसाचं काय? राजदूत ३५० आली १९८३ ला, ती पन्नाशीची होणार २०३३ मध्ये. आरएक्स १०० आली १९८५ ला, म्हणजे २०३५. तोवर ती ना नवी, ना विंटेज. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या दुचाकीच्या फेरनोंदणीची फी ३०० वरून १,००० रुपये झाली. हजार रुपयांचं मला फार काही वाटत नाही. पण ज्या गाडीचे पार्ट कंपनीनं कधीच बंद केले, तिच्यात मिळेल तो पार्ट बसवला की मालक गुन्हेगार, आणि नाही बसवला तर गाडी भंगार. मधला माणूस कुठं जाणार? पुण्याच्या जुन्या बाजारात जाणार. आणि तिथं मिळालेल्या पार्टबद्दल आयुष्यभर तोंड बंद ठेवणार.

गूढ पार्ट इथं जन्माला येतात, मित्रहो. बदल नोंदवला तर दंड, लपवला तर काही नाही. मग लपवणारच. पुढचा मालक तीच गाडी ‘ओरिजिनल’ म्हणून घेणार. पाच वर्षांनी घाटात पुढचा ब्रेक सुटला की आपण बातमी लावणार, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं लिहितोय आणि दर वेळी शंका येते की नियंत्रण सुटलं की बोल्ट सुटला. ते तपासायची सोयच नाही.

आमच्या भागातला एक मिस्त्री आहे, नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या दारात गाडी नको. त्यानं एका येझदीच्या तडकलेल्या सांगाड्याचं काम केलं. तडकलेला भाग कापला, आतून बाही घातली, जिगवर धरून जोडला, वर रंगाचा द्रव मारून तडे तपासले. ज्याला डाय पेनिट्रंट म्हणतात ती चाचणी. फौंड्रीतल्या दोस्ताकडून करून घेतली. काम इतकं सरळ की दोन्ही चाकांना दोरी लावून बघा. मालक प्रामाणिक, म्हणाला रीतसर नोंद करू. एका आरटीओ कार्यालयात गेला. उत्तर मिळालं, ‘सांगायला कशाला आलात? गप चालवायची.’ सरकारी कार्यालयातून ऐकलेलं इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं नाही. त्या साहेबाला दोष देत नाही. त्याच्याकडे अशा नोंदीचा रकानाच नाही.

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली हा पट्टा ओतकाम आणि लेथवर जगतो. देशातल्या मोठमोठ्या गाडी कंपन्यांचे पार्ट इथल्या भट्ट्यांतून जातात. कंपनीचा शिक्का बसला की तो पार्ट ओरिजिनल. त्याच भट्टीतला, त्याच हातानं काढलेला पार्ट शिक्क्याविना बाहेर आला की डुप्लिकेट. धातूला शिक्का कळत नाही. धातूला ताण कळतो.

आणि पोरांची हुशारी वाया जाते ती वेगळीच. बिमोताची एक गाडी आहे, टेसी. पुढच्या चाकाला नेहमीचा फोर्कच नाही, आडव्या स्विंगआर्मवर चाक, वळण चाकाच्या तुंब्यातून. १९९० ला बाजारात आली. ‘टेसी’ म्हणजे इटालियनमध्ये प्रबंध. पिएरलुइजी मार्कोनी या पोराच्या बोलोन्या विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासातून ती निघाली म्हणून हे नाव. आपल्या कॉलेजातली पोरंही बाहासारख्या स्पर्धांसाठी सांगाडे डिझाईन करतात, नळ्या वाकवतात, वेल्डिंग तपासतात, गाडी पळवतात. मग? मग ती गाडी कॉलेजच्या शेडमागे गंजते आणि प्रबंध स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात जातो. पोरगं पुण्याला आयटीत जातं.

मागणी फार मोठी नाही. वीस-पंचवीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी एक वेगळा वर्ग करा. त्यात बदल नोंदवायची मुभा द्या. सांगाड्याचं, ब्रेकचं, स्टिअरिंगचं काम झालं असेल तर तपासणी सक्तीची. पुण्यात एआरएआय आहे, १९६६ पासून गाड्या तपासतेय. प्रत्येक जुनी येझदी तिथं नेणं शक्य नाही, पण ती निकष ठरवून देऊ शकते. जिल्ह्याच्या सरकारी तंत्रनिकेतनात ताण मोजायचं यंत्र आहे, शिकवणारी माणसं आहेत. ब्रेकची चाचणी, तड्यांची चाचणी, धुराची चाचणी, फोटो, सही. फी घ्या, दोन हजार घ्या, तीन घ्या, लोक देतील. पास झाली तर आरसीवर लिहा, ‘पुढचा ब्रेक अमुक, फोर्क तमुक’. नापास झाली तर रस्त्यावर नको, मी स्वतः विरोध करणार नाही. आणि इंजिन नंबर, चासी नंबर खरवडून नवे ठोकणाऱ्याला मात्र सोडू नका. तो कारागीर नाही, तो चोराचा भागीदार आहे. माझ्या लिखाणाचा आधार घेऊन त्यानं नाचू नये.

आमदार-खासदार साहेबांच्या पेजवर ही पोस्ट टॅग करणारच आहे. वाढदिवसाच्या बॅनरमधून वेळ मिळाला तर वाचतील.

तोवर आपण आपल्या पातळीवर एक काम करू. ज्यांच्याकडे राजदूत ३५०, येझदी, जावा, जुनी बुलेट, आरएक्स आहे, त्यांनी साधी वही घाला. कुठला पार्ट बदलला, कधी, कुणाकडून, कुठल्या गाडीचा, आटे कुठले, बेअरिंगचा नंबर काय. गाडी विकाल तेव्हा वही गाडीबरोबर द्या. आणि ज्यांच्या गाडीत असा पार्ट आहे की कुठला तेच कळत नाही, त्यांनी त्याच्या छापाचा जवळून फोटो खाली टाका. इंजिन नंबर आणि चासी नंबर झाकून, तेवढं सांभाळा. आपल्या ग्रुपात चार-पाच जुने मिस्त्री आहेत, रात्री नऊनंतर ऑनलाईन असतात. ते आतल्या छापावरून सांगतात. पहिला फोटो मीच टाकतोय : येझदीचा मागचा ब्रेक प्लेट, आतल्या बाजूला त्रिकोणात ‘क’सारखी काहीतरी खूण आहे. कुणी ओळखतंय का?